वापराच्या खुणा

विजयकुमारला जन्मात कधी चूल पेटवता आली नाही, पण चुलीची कंपनी मात्र काढता आली. साखऱ्याच्या तातेरावांचा हा एकुलता एक. परभणीला कॉलेजात तीन वर्षं काढून गेला तसाच परत आला, फरक एवढाच की आता पायात पांढरे बूट होते. काळ्या मातीच्या गावात पांढरे बूट! नीलाबाईनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते बुटांपासून वर, आणि तोंडापर्यंत नजर पोचेस्तोवर तिचं मत बनलं होतं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्या मतात काडीचाही बदल करायची वेळ त्यानं तिच्यावर आणली नाही.

नीलाबाई साखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या तांड्यावरची. नवरा हरिचंद, थोडं बरड रान, दोन बैल. चुली घालणं हा तिचा धंदा नव्हता आणि हौस तर नव्हतीच. तिच्या आईचे डोळे धुरानं गेले. म्हातारी शेवटची पाच वर्षं तव्यावरची भाकर बोटांनी चाचपून उलटायची, बोटं भाजायची आणि हसायची. म्हणून त्र्याण्णव साली सेनगावला निर्धूर चुलीचं शिबिर लागलं तेव्हा तांड्यातून एकटी नीलाबाई गेली. "चूल शिकायला बाईमाणसानं सेनगावला काहून जावं?" असं हरिचंदनं विचारून पाहिलं. आठ दिवस शिकली आणि शिकवणाऱ्या साहेबाच्या चार चुका ध्यानात धरून परत आली.

चूल तशी सोपी. पुढं एक तोंड भाकरीला, मागं वैल डाळीला, दोन्हीच्या मधे बोगदा आणि मागून छपराबाहेर गेलेलं नळकांडं. एका जाळावर दोन भांडी, घरात धूर नाही, सरपण निम्म्याला निम्मं. साहेबानं बोगद्याचं माप फूटपट्टीवर शिकवलं होतं. नीलाबाईनं ती फूटपट्टी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावून टाकली. बोगदा घरच्या बाईच्या मुठीएवढा धरायचा, हे तिचं स्वतःचं. कारण राख काढायला रोज त्यात हात घालणार ती बाई, साहेब नव्हे. चूल घालायच्या आधी ती घरच्या बाईला मूठ आवळायला लावायची, ओल्या मातीत ती मूठ दाबून फिरवायची आणि मग त्या भोकाभोवती चूल उभी करायची. तांड्यातल्या जिवनबाईची मूठ पैलवानासारखी, तिचा बोगदाही तसाच दांडगा. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, रानाला सुट्टी. त्या दिवशी नीलाबाई काठीला चिंध्या बांधून घरोघर जायची आणि सगळ्यांची नळकांडी खरडून द्यायची. सहा-सात वर्षांत तांड्यातल्या एकेचाळीस घरांत एकेचाळीस चुली झाल्या. एकाही बाईचे डोळे चुरचुरत नव्हते. जन्माला येऊन काय केलंस असं कुणी विचारलं असतं, तर नीलाबाईनं या एकेचाळीस चुलींकडं बोट दाखवलं असतं. दुसरं दाखवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं आणि तिला नकोही होतं.

नळकांडी तेवढी तिला करता येत नव्हती. ती सिमेंटची, हिंगोलीहून आणावी लागत. विजयकुमार आत शिरला तो इथून.

नव्व्याण्णवला हिंगोलीचा जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, आणि दर पाटीखाली विजयकुमार हजर. कुठल्याशा ऑफिसात त्याला 'ऊर्जा' हा शब्द सापडला आणि लेकरानं गुळाचा खडा धरावा तसा त्यानं तो धरून ठेवला. जेवताना ऊर्जा, पारावर ऊर्जा, मयतीला गेला तरी ऊर्जा.

"नीलाबाई, तुमी चूल घालून न्हाई राहिल्या," तो एकदा तांड्यावर येऊन म्हणाला, "तुमी घरगुती ऊर्जेची बचत करून राहिल्या."

"मी चूलच घालून राहिले, दादा," नीलाबाई म्हणाली. "तुमी जरा सरका, उजेड अडून राहिला."

पण नळकांडी तो आणून द्यायला लागला, हे खरं. बदल्यात साखऱ्यात आपल्या घरी एक चूल घालून द्या, एवढंच त्याचं मागणं. नवी नवरी आलेली होती, पुनम, नांदेडची. तिनं मूठ आवळली ती केवढीशी, पेरूएवढी. नीलाबाईनं त्या मुठीवर चूल घालून दिली. चूल झकास झाली, पुनम खूश झाली, आणि चार महिन्यांनी कनेरगाव नाक्याला ढाब्यांच्या पलीकडं पत्र्याचं शेड उभं राहिलं. वर पाटी, 'तातेराव गृहऊर्जा प्रायव्हेट लिमिटेड'. आत पुनमच्या चुलीवरून काढलेला लोखंडी साचा आणि त्या साच्यातून दिवसाला चाळीस सिमेंटच्या चुली. सगळ्यांचा बोगदा पुनमच्या मुठीएवढा.

नीलाबाईला विचारायची त्याला गरज वाटली नाही. तीच कळल्यावर नाक्याला गेली. रागानं नव्हे, काळजीनं गेली, हा तिचा मूर्खपणा.

"दादा, खुरपं धरणाऱ्या बाईचा हात यात जात न्हाई. राख आत अडकंल, तोंड बुजंल, सगळा धूर घरात येईल."

"बाई, ही स्टँडर्ड साइज हाय."

बायकोच्या मुठीला हा गडी स्टँडर्ड साइज म्हणत होता, आणि आपण काय म्हणतोय ते त्याच्या गावीही नव्हतं. नीलाबाई वाटभर स्वतःशीच चरफडत आली. खोटं बोलतोय हे कळण्याइतकी अक्कल असती, तर निदान लबाड तरी म्हणता आलं असतं.

कंपनी वाढली. वाढणारच. चूल विकत घेणार पुरुष, हात घालणार बाई, आणि बाजारात पाकीट पुरुषाच्या खिशात. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात विजयकुमारचा मंडप लागायचा. भोंगा ओरडायचा आणि मंडपात पेटलेली चूल असायची, धुराचं नाव नाही, दोन्ही भांडी खदखदतायत. ती चूल नीलाबाईची होती, मातीची, वरून सिमेंटचं पाणी फासून राखाडी केलेली. साच्यातली दिवसभर पेटती ठेवली असती, तर बोगदा बुजून मंडप डोळे चोळत पळाला असता, हे विजयकुमारला बराबर ठाऊक होतं. तेव्हा आता लबाडही म्हणता येत होतं.

नीलाबाईनं मंडपात बसून चूल पेटवून दाखवत असे तीन बाजार केले. तांड्यातली नळकांडी जुनी झाली होती, नवी हवी होती, म्हणून केले. तिसऱ्या बाजाराला एका म्हातारीनं तिचा हात धरून विचारलं, "बाई, ही घेतली तर माझ्या सुनंचे डोळे वाचतील का?" नीलाबाईला तिच्याकडं बघवेना. ती उठली, बसस्टँडवर जाऊन बसली, आणि त्यानंतर मंडपात गेली नाही. विजयकुमारचं काही अडलं नाही. तोवर त्यानं तिचा फोटो काढून पत्रकावर छापला होता, खाली 'ऊर्जाताई' असं लिहून.

सिमेंटच्या चुली गावोगाव गेल्या. घरोघर दोन-चार दिवस पेटल्या. मग बोगदा राखेनं बुजला, बायकांच्या मुठी आत जाईनात, घर धुरानं भरलं आणि बायकांनी त्या उचलून शेळ्यांच्या दावणीजवळ नेऊन टाकल्या. कुठं त्यात कोंबडी बसली, कुठं जनावराचं पाणी तापलं. काळ्याकुट्ट झालेल्या तशाच पडून राहिल्या, कारण न वापरायच्या चुलीला कोण हात लावतं? विजयकुमार मात्र हारतुरे घेत होता. हजारावी चूल, पाच हजारावी चूल, दर हजाराला हिंगोलीत सत्कार. आपलाच सत्कार आपणच भरवायचा आणि वर डोळ्यांत पाणी आणायचं, हे त्याला फार छान जमायचं.

दोन हजार सहा साली पुण्याची एक मोठी कंपनी 'तातेराव गृहऊर्जा' विकत घ्यायला निघाली. त्यांना साचा नको होता की शेड नको होतं. त्यांना घरं हवी होती, वापरात असलेल्या चुलींची घरं, जेवढी जास्त तेवढी बरी, कारण त्यांना पैसे दर घरामागं मिळायचे होते. विजयकुमारनं आपल्या यादीत तांड्यातली एकेचाळीस घरंही घुसडून दिली होती. नळकांडी आपण पुरवली, म्हणजे चुली आपल्याच, असा त्याचा हिशोब. आणि यादी तपासायला पुण्याहून एक साहेब आला.

साहेब स्वभावानं वाईट नव्हता. वाईट माणसाला निदान डोळे असतात. याच्याकडं छापील फॉर्म होता. फॉर्मात एक रकाना होता, 'वापराच्या खुणा', आणि त्यापुढं कंसात काजळी, राख, डाग. साहेबाची गाडी सकाळी हिंगोलीहून निघायची आणि अकराच्या पुढं गावात पोचायची.

आता तांड्याची रीत अशी, की आठच्या आत भाकरी उरकतात. बाई राख काढते आणि चूल कोमट असतानाच तिच्यावरून पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवते, म्हणजे लगेच वाळते. वर कुंकवाचं बोट लावते आणि रानात जाते. चूल काळी ठेवून घराबाहेर पडणं म्हणजे केस न विंचरता बाजाराला जाणं. ज्या घरी मयत झालं त्याच घरची चूल बिनपोतारलेली राहते. तर साहेब अकराला तांड्यात आला, एकेचाळीस घरं फिरला आणि त्याला एकेचाळीस पांढऱ्याशुभ्र चुली दिसल्या. काजळी नाही, राख नाही, डाग नाही. नळकांडं वाकून पाहिलं तर तेही खरडलेलं. साहेबानं प्रत्येक घरापुढं लिहिलं, वापरात नाही. एका ठिकाणी तर त्यानं 'केवळ पूजेसाठी' असंही लिहिलं आणि स्वतःच्या निरीक्षणावर खूश झाला.

मग तो इतर गावांत गेला. तिथं दावणीजवळ पडलेल्या काळ्याकुट्ट सिमेंटच्या चुली पाहून त्यानं लिहिलं, भरपूर वापरात.

विजयकुमार सोबतच होता. त्याच्या आईनं, आजीनं जन्मभर रोज चूल पोतारली. पांढरी चूल म्हणजे पेटती चूल हे त्याला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर पुरे होता. पण पांढरी चूल पेटती म्हटली, तर दावणीजवळची काळी चूल मेलेली ठरत होती, आणि तसल्या चुली यादीत हजारोंनी होत्या. त्यानं पांढऱ्या बुटावरची धूळ रुमालानं झटकली आणि गप्प राहिला.

आठ दिवसांनी निरोप आला. तांड्यातल्या एकेचाळीस मातीच्या चुली फोडायच्या आणि त्या जागी सिमेंटच्या बसवायच्या, फुकट, म्हणजे ती घरंही यादीत मोजता येतील.

नीलाबाईनं निरोप दोनदा ऐकला. मग डोक्यावर पदर घेतला आणि सरळ कनेरगाव नाक्याला गेली. शेडमधे साहेब टेबलाशी बसला होता, विजयकुमार शेजारी.

"साहेब, आमच्या चुली रोज पेटतात," ती म्हणाली. "रोज पेटतात म्हनूनच रोज पोतारतो. तुमी सकाळी साताला या, डोळ्यांनी बघा."

"आमची पाहणीची वेळ अकराची आहे, बाई."

"मग अकराला पेटवून दाखवतो."

"दाखवायला पेटवलेली चूल मोजता येत नाही," साहेब म्हणाला. त्यानं फॉर्म पुढं केला आणि रकान्यावर पेन ठेवलं. "हे बघा. काजळी, राख, डाग. स्वच्छ चूल म्हणजे वापरात असलेली चूल, असं इथं कुठं लिहिलंय?"

नीलाबाईनं विजयकुमारकडं पाहिलं. "दादा, तुमच्या आईची चूल कशी ऱ्हायची ते सांगा यास्नी."

"जुन्या गोष्टी हायत बाई त्या," विजयकुमार म्हणाला. "आता सिस्टीम आली."

तिला त्याचा राग आला नाही. राग माणसावर येतो. तिला फक्त किळस आली, आणि ती तशीच घेऊन ती तांड्यावर परतली.

तांड्याचा नायक मोहनसिंग. वयानं झुकलेला, पण शब्दाचा पक्का. तो हिंगोलीला जाऊन साहेबाला भेटला आणि एक गोष्ट ठरवून आला. पाहणी पुन्हा व्हायची, आणखी एकदाच. ज्या चुलीत खुणा सापडतील तिला कुणी हात लावायचा नाही. ज्या चुलीत सापडणार नाहीत ती फोडायला तांडा आडवा येणार नाही. "मी जबान देऊन आलो," मोहनसिंग म्हणाला. नायकानं जबान दिली म्हणजे तांड्यानं दिली. त्याच्यावर कुणी बोलत नाही.

नीलाबाईनं बायकांना देवळासमोर गोळा केलं.

"सोपं काम हाय," ती म्हणाली. "आजपासून पाहणीपर्यंत चूल पोतारायची न्हाई. राख काढायची न्हाई. डाळ उतू गेली तर जाऊ द्यायची. तीन दिवस."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"तीन दिवस?" जिवनबाई म्हणाली. "माझ्या घरात मयत हाय का?"

"चूल फुटली म्हंजे समजून घे मयतच झालं," नीलाबाई म्हणाली. "पुन्यांदा धूर खायचा हाय का तुला? पुन्यांदा डोळे पुसत भाकरी करायच्या?"

नको होतं. कुणालाच नको होतं. बायकांनी माना डोलावल्या, शपथा घेतल्या. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी काळ्या चुलीसमोर बसून भाकर खाताना घास उतरेना, असं दोघी-तिघींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी घरोघर चुलीवर बांबूची डाली पालथी घातलेली दिसायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. नीलाबाई फिरून फिरून डाली उचलायची, काजळी बघायची आणि समाधानानं पुढच्या घरी जायची. स्वतःची चूलही तिनं तशीच ठेवली होती. तिलाही तिच्याकडं बघवत नव्हतं, पण ते तिनं कुणाला कळू दिलं नाही.

पाहणीच्या दिवशी ती आणि मोहनसिंग सकाळीच फाट्यावर जाऊन थांबले, गाडी चुकून दुसऱ्या वाटेला लागू नये म्हणून. घराला कुलूप, चावी कमरेला. हरिचंद रानात. साडेअकराला गाडी आली. साहेब, विजयकुमार, आणि मागं टेम्पोत चार माणसं पहारी घेऊन. नीलाबाईनं पहारी पाहिल्या आणि मनात म्हणाली, आणल्या तशाच परत न्या.

पहिलं घर जिवनबाईचं. साहेब आत वाकला. नीलाबाई त्याच्या खांद्यावरून बघत होती.

चूल पांढरीशुभ्र होती. वर कुंकवाचं बोट ताजं होतं.

जिवनबाई दारात अंग चोरून उभी होती. कोपरावर पांढरी माती वाळलेली, धुवायचंही राहून गेलेलं.

"अगं, काहून केलंस?" नीलाबाई हलक्या आवाजात म्हणाली.

"पाव्हणे यायचे होते," जिवनबाई म्हणाली. "पाव्हण्याला काळी चूल कशी दाखवू? मला वाटलं, चाळीस तर काळ्या हायतच. एक माझी पोतारली तर काय बिघडतं?"

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात तेच. नायकाच्या घरात तर चुलीभोवती रांगोळी. चाळीस घरांतल्या चाळीस बायकांनी, एकमेकींना न विचारता, न सांगता, नेमका हाच विचार केला होता. पाहुणे येणार म्हटल्यावर एकीलाही धीर निघाला नव्हता. साहेब लिहीत चालला होता, वापरात नाही, वापरात नाही. विजयकुमार मागून चालत होता आणि त्याच्या चालीत एक मजा आली होती. नीलाबाईच्या तोंडाला सगळ्या शिव्या येऊन राहिल्या होत्या. खुळ्या, बिनडोक, तीन दिवसांचा धीर नाही, यांच्यासाठी मी जीव आटवला! ती प्रत्येकीला मनातल्या मनात सोलत पुढं निघाली होती, आणि तसंच सोलत सोलत एकेचाळिसाव्या दारात येऊन पोचली. ते दार तिचं होतं.

तिनं कुलूप काढलं. साहेब आत गेला आणि लगेच त्याचा चेहरा उजळला.

चूल काळी होती. तोंडात राख, वैलावर उतू गेलेल्या डाळीचे वाळलेले ओघळ, कडेला पिठाचे हात. साहेबानं बोट फिरवलं, काजळी बोटाला लागली. "ही खरी वापरातली चूल," तो म्हणाला. "बघा, एक तरी सापडली." त्यानं मन लावून लिहिलं. मग बॅगेतून कॅमेरा काढला. "बाई, चुलीजवळ बसा. आपल्या हिंगोलीच्या ऑफिसात लावू. आदर्श घर म्हणून."

विजयकुमार हसला. "बसा ना नीलाबाई. तुमची वाचली."

बायका अंगणात जमल्या होत्या. दारातून त्यांना ती काळी चूल दिसत होती. जिवनबाईनं मान दुसरीकडं वळवली, जशी दुसऱ्याच्या घरची उघडी गोष्ट दिसल्यावर माणूस वळवतो.

नीलाबाईला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. मघापासून ती या बायकांना खुळ्या म्हणत होती. आणि इथं ती एकटी शहाणी उभी होती, घाणीपायी वाचलेली, शेजारी हा फोटो काढणारा आणि तो हसणारा. उद्या चाळीस घरांत धूर होणार, चाळीस बायका डोळे पुसणार, आणि आपल्या एकटीच्या घरात स्वच्छ हवा. त्यातल्या कुणाकडं बघून बोलायचं? अमावस्येला काठी घेऊन कुणाच्या दारात जायचं?

ती चुलीजवळ बसली. साहेबानं कॅमेरा डोळ्याला लावला. नीलाबाईनं दोन्ही हातांनी राख ओढून पाटीत भरली. कोपऱ्यातल्या गाडग्यात पांढरी माती होती. त्यात पाणी ओतलं, पोतारा बुडवला आणि पहिला हात चुलीवरून फिरवला.

"नीलाबाई, काहून करून राहिल्या?" विजयकुमार पुढं झाला. "एक तरी वाचली ना तुमची?"

"माझी एकटीची वाचवून काय करू, दादा?" नीलाबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. पुढचं तोंड झालं, वैल झाला, कडा झाल्या.

साहेब गोंधळला. "बाई, असं केलंत तर खुणा नाहीत असं लिहावं लागेल मला."

"लिवा की. तुमाला तेवढंच येतं."

साहेबानं कॅमेरा खाली घेतला. फॉर्मवरची ओळ खोडली, दुसरी लिहिली, आणि मोहनसिंगकडं पाहिलं. मोहनसिंगनं जबान दिली होती. तो दारातून बाजूला झाला. पहारीवाले आत आले आणि कुठून धरावं म्हणून घुटमळले.

"इथूनच सुरू करा," नीलाबाई म्हणाली. "ओली हाय, लवकर फुटंल."

तिनं पोतारा पिळून गाडग्यावर ठेवला, हात धुतले, आणि अंगणात जाऊन बायकांच्यात बसली. जिवनबाईनं सरकून तिला जागा दिली.